विसरलेली पेंढी (लेखांक सातवा)

मागील लेखांकात दशांशाचा विचार झाला. परंतु उत्पन्नाचा दहावा हिस्सा चोख मोजून दानपात्रात टाकणाऱ्या गृहस्थाच्या मनातही आपण देवाचा सारा भरून मोकळे झालो, अशी जमाबंदीची भावना राहू शकते, हे तेव्हा सांगावयाचे राहून गेले.

आपल्या मराठीत उपकाराची बरीचशी भाषा सावकाराच्या वहीतून आलेली आहे. उपकार फेडावे लागतात, माणूस ऋणात राहतो, पांग फिटतात. आणि कर्ज घेऊन कापूस पेरणाऱ्या व हंगामाअखेर बाकीचा तगादा सोसणाऱ्या खानदेशास ही भाषा कोणी शिकवावयास नको. अशा भाषेत पवित्र शास्त्र आणताना ‘उपकारस्तुती’ हा शब्द रूढ झाला आणि फेडीच्या जागी स्तुती येऊन बसली, हे मला फार मोलाचे वाटते. लूककृत शुभवर्तमानातील बऱ्या झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानावयास परतून आला तो एकटा शोमरोनी. प्रभूने त्याच्याकडून काहीही मागितले नाही, विचारपूस केली ती न आलेल्या नवांची.

हंगामाच्या उपकारस्तुतीला ज्वारीची कणसे, केळीचा घड, क्वचित एखादी कोंबडीही मंदिरात येते, आणि उपासनेनंतरच्या लिलावात साध्या लिंबावरही हसतखेळत चढी बोली लागते. हा आनंद निर्मळ आहे. मात्र दात्यांची नावे रकमांसह मोठ्याने वाचली जातात तेथे माझे मन जरा खट्टू होते.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, शेतात एखादी पेंढी विसरून राहिली तर ती आणावयास मागे फिरू नये. ती परदेशी, अनाथ व विधवा यांची. त्याच करारातील विधवा रूथ सरवा वेचीत असता शेताचा मालक बवाज याने तर गड्यांना मुद्दाम काही कणसे गळू देण्यास सांगितले, म्हणजे घेणारीस ती शेतातच पडलेली वाटावीत आणि देणाऱ्याचा हात दिसू नये.

असे विसरणे ज्यांस साधले त्यांत ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गणना करावी लागेल. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन मुलास ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि पुढे अहमदनगरास टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. ज्या काळी ख्रिस्ती घरचे पाणीही अनेकांना चालत नसे त्या काळची ही गोष्ट. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट त्या प्रेमास नव्हती. तो झालाही नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली स्थानकावर रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस होते.

मात्र एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. हाती आलेला पैसा टिकू न देणाऱ्या पतीपायी घरात उडणारी तारांबळ टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हसत हसत लिहिली आहे. दाता पुरुष ठरतो आणि आलेल्या पाहुण्यासाठी पिठाचा डबा खरवडावयाचा तो घरधनिणीने, हा न्याय आमच्या मंडळ्यांतही काही निराळा नाही. म्हणून औदार्याचा निर्णय दोघांनी मिळून करावा, असे माझे मत आहे.

आता धुळ्यासारख्या शहरातील पगारदार कुटुंबास ना शेत, ना खळे. त्याने सरवा कोठे सोडावा? महिन्याच्या हिशेबात एक लहानशी रक्कम अशी असू द्यावी की तिचा जाब नवऱ्याने बायकोस किंवा बायकोने नवऱ्यास विचारू नये. भाजीवालीशी शेवटच्या रुपयापर्यंत घासाघीस करू नये. आणि खेड्यातून शिकावयास आलेला एखादा मुलगा ओळखीचा असेल, तर वार लावून जेवण्याची आपली जुनी चाल आठवून, कोणत्या धर्माचा हे न विचारता, आठवड्यातील एक वार त्याला द्यावा.