कंबर दुखते तेव्हा नेमकं काय दुखतं?



गटाची मिटिंग संपली की उठताना निम्म्या जणींचा हात आधी गुडघ्यावर आणि मग कंबरेवर जातो. "चमक भरली", "कंबर धरली", "डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे" ही वाक्यं आपल्या इतक्या सवयीची झालीत की त्यांच्याकडे कुणी लक्षही देत नाही. बाईची कंबर दुखायचीच, असं आपणच धरून चाललोय. पण ही कंबर आतून कशी असते, तिथं दुखण्यासारखं काय काय असतं, हे आपल्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. मग जो जे सांगेल ते आपण करतो. कुणी सुई घ्यायला सांगतं, कुणी पाठीवर लाथ मारून घ्यायला, तर कुणी थेट गर्भपिशवी काढून टाकायला. म्हणून या अंकात आपल्याच हाडांची ओळख करून घेऊ.

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात. त्यातली १२६ हात, पाय, खांदे आणि खुब्यांची. उरलेली ८० शरीराच्या मधोमध, डोक्यापासून माकडहाडापर्यंत. पुस्तकात याला अक्षीय सांगाडा म्हणतात, आपण मधला सांगाडा म्हणू. हात-पायांची हाडं कामाची, तर ही मधली हाडं सांभाळायची. मेंदू, हृदय, फुप्फुसं आणि पाठीतून जाणारा मज्जारज्जू, म्हणजे ज्याच्यावाचून माणूस उभा राहू शकत नाही ते सगळं यांच्या आत ठेवलेलं आहे.

वरून सुरुवात करू. कवटी आणि चेहरा मिळून २२ हाडं. त्यातला खालचा जबडा तेवढा हलतो, बाकीची एकमेकांत घट्ट बसलेली. बाळाची मात्र बसलेली नसतात. बाळंतपणात डोकं अरुंद वाटेनं बाहेर यायचं असतं, तेव्हा ही हाडं एकमेकांवर थोडी सरकतात आणि वाट निघते. पुढं मेंदू वाढायलाही जागा राहते. आपण जिथं तेल घालून टाळू भरतो, ती या हाडांच्या मधली मोकळी जागा. साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते. तिला जपायलाच हवं, पण तेलानं ती लवकर भरते असं काही नाही. टाळू पाहायची ती वेगळ्या कारणासाठी. बाळाला जुलाब लागलेत आणि टाळू खोल गेलीय, तर अंगातलं पाणी कमी झालंय. ताप आहे आणि बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली दिसतेय, तर मेंदूला सूज असू शकते. दोन्ही वेळेला दवाखाना, तोही लगेच.

प्रत्येक कानात तीन अशी सहा इवलीशी हाडं असतात, त्यातलं सगळ्यात लहान तांदळाच्या दाण्याहूनही लहान. गळ्यात जिभेच्या मुळाशी एक हाड असतं, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंवर टांगलेलं असतं. गिळताना आणि बोलताना ते उपयोगी पडतं. एखाद्या बाईचा गळा दाबल्याचा संशय असेल, तर शवविच्छेदनात हेच हाड मोडलंय का ते बघतात.

मग छाती. मधलं एक सपाट हाड आणि बरगड्यांच्या १२ जोड्या. वरच्या सात जोड्या छातीच्या हाडाला सरळ जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कुर्चेला, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच. श्वास घेतला की बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, छाती रुंदावते आणि हवा आत येते. कुशीला दोन्ही हात लावून खोल श्वास घ्या, आत्ताच कळेल.

या हाडांचं आणखी एक काम आहे, ते आपल्या फार जवळचं. आपलं रक्त तयार होतं ते हाडांच्या आतल्या लाल मगजात, आणि मोठ्या माणसात हा मगज मुख्यतः मणके, छातीचं हाड, बरगड्या आणि खुब्याच्या हाडांत उरतो. हिमोग्लोबिन सात-आठवर आलं म्हणून आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात, त्यातलं लोह शेवटी इथंच पोचतं.

आता कण्याकडे. जन्मतः कण्यात ३३ मणके असतात. मानेचे ७, पाठीचे १२, कंबरेचे ५. त्याखालचे ५ पुढं एकमेकांत सांधून एकच हाड होतं आणि शेवटचे ४ मिळून माकडहाड. म्हणजे मोठेपणी हाडं उरतात २६. मानेतला सगळ्यात वरचा मणका कड्यासारखा असतो, त्यावर डोकं टेकलेलं असतं. मान डोलावून आपण "हो" म्हणतो ते या सांध्यात. "नाही" म्हणताना मान फिरते ती त्याच्या खालच्या सांध्यात.

कणा सरळ काठीसारखा नसतो. बाळ पोटात असतं तेव्हा तो कोयत्यासारखा एकाच बाजूला वाकलेला असतो. बाळ मान धरायला लागलं की मानेचा बाक येतो, उभं राहून चालायला लागलं की कंबरेचा. या बाकांमुळे चालताना-उडी मारताना बसणारा हिसका सगळा एकाच मणक्यावर येत नाही.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट धाग्यांचे थरावर थर, कांद्यासारखे, आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर. अशा २३ गाद्या आहेत. दिवसभर आपलं वजन पडून त्यातलं पाणी थोडं थोडं बाहेर जातं, रात्री आडवं झाल्यावर परत आत येतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एखादा सेंटीमीटर उंच असतो. मोठेपणी या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिनी पोचत नाही. तिला जे अन्न मिळतं ते हालचालीतून, दाब पडणं आणि सुटणं यातून. म्हणूनच चार तास एकाच जागी वाकून निंदणी करणं वाईट आणि महिनाभर अंथरुणात पडून राहणंही वाईट.

आता त्या "गॅप"विषयी. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, गादी दिसत नाही. त्यामुळे दोन मणक्यांमध्ये मोकळी जागा दिसते ती सगळ्यांच्याच एक्स-रेमध्ये दिसते. तिथं गादी आहे! उलट, वय वाढलं, गादी वाळली की ही जागा कमी होते. तेव्हा "मणक्यात गॅप पडलाय" ऐकून हातपाय गाळू नका. नेमकं काय झालंय, ते डॉक्टरांना विचारा. ज्यांची पाठ कधी दुखलेलीच नाही अशा पुष्कळ लोकांच्या तपासणीतही झिजलेल्या, थोड्या बाहेर आलेल्या गाद्या दिसतात.

मणक्यांच्या मागच्या बाजूला बोगदा असतो, त्यातून मज्जारज्जू जातो. तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि पुढं नसांचा झुबका खाली जातो, पायांकडे, लघवी-संडासच्या जागेकडे. गादीतला गर बाहेर येऊन यातली एखादी नस दाबली गेली, तर ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ उतरते, मुंग्या येतात. यालाच आपण सायटिका म्हणतो. बहुतेकींचा तो काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतो.

मग कंबरेवर एवढा भार येतो कुठून? जरा हिशोब करू, हिशोबात तर आपण पक्क्या आहोत. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे १५ किलो पाणी. वाकून, हात पुढं करून तो उचलला तर हंडा कण्यापासून साधारण ४० सेंटीमीटर लांब असतो. त्याला तोलून धरणारा पाठीचा स्नायू मात्र कण्यापासून पाचेक सेंटीमीटरवर. आठपट अंतर, म्हणून आठपट ओढ. १५ किलोच्या हंड्यासाठी स्नायूला १२० किलोची ओढ लावावी लागते, आणि ती सगळी गादीवर दाब म्हणून येते. त्यात आपल्या धडाचं वजन आणखी. तोच हंडा पोटाशी धरून, २० सेंटीमीटरवर ठेवून उचलला तर ओढ निम्मी होते. वजन तेच, अंतर बदललं. स्वीडनमधले डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. झोपल्यावर तो सगळ्यात कमी, उभं राहिल्यावर वाढतो आणि वाकून वजन उचलताना फार वाढतो, असं त्यांना दिसलं.

डोक्यावरचा हंडा कण्याच्या बरोबर वर असतो, म्हणून पाठीच्या स्नायूंना कमी ओढावं लागतं. पण सगळा भार मानेच्या बारक्या मणक्यांतून खाली जातो. खरा घात होतो तो हंडा चढवताना आणि उतरवताना, त्यातही कंबर पिळली तर. दोघींनी मिळून चढवा-उतरवा. कळशी रोज एकाच कडेवर घेऊ नका. निंदणीला खुरप्याऐवजी उभ्यानं ढकलायचं सायकल कोळपं गटातून घेता येईल. कर्जाच्या अर्जावर "आरोग्य" असं कारण आपण लिहीत नाही, पण ते तितकंच खरं आहे.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीला लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. उसण म्हणजे बहुतेकदा स्नायू आखडणं, ते चार-आठ दिवसांत आपोआप सुटतं आणि श्रेय जातं पायाळूला. हळूच पाय लावला तर बिघडत नाही. पण साठीच्या आजीबाईंच्या ठिसूळ मणक्यावर जोराची लाथ बसली तर मणका चेपू शकतो. शेक घ्या, एक-दोन दिवस जड काम टाळा, पण हिंडतं-फिरतं राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, पोटात-कंबरेत दुखतं, अशा तक्रारी घेऊन बायका दवाखान्यात जातात आणि ऑपरेशन करून येतात, हे आपल्या गावातही नवं नाही.

पिशवीमुळे कंबर दुखतच नाही असं नाही. पाळीच्या दिवसांत दुखते, आतून सूज असेल तर दुखते, अंग बाहेर येत असेल तरी दुखते. पण वाकल्यावर, वजन उचलल्यावर वाढणारं, आडवं झाल्यावर कमी होणारं, पायात उतरणारं दुखणं बहुतेक करून कण्याचं आणि स्नायूंचं असतं. पिशवी काढून ते थांबत नाही. मोळी उचलायची तीच राहते, कंबरही तीच राहते. पांढरं जाण्यावर तर बहुतेक वेळा साध्या गोळ्यांचा इलाज असतो.

वर हाडांचं नुकसान होतं ते वेगळं. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बीजकोष असतात. त्यातून पाझरणारं स्त्रीसंप्रेरक हाडातला चुना टिकवून ठेवतं. पाळी जायच्या वयात ते कमी होतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर तिशी-पस्तिशीतच बाई हाडांनी म्हातारी होते. बीजकोष ठेवले तरी कधी कधी त्यांचं काम लवकर थांबतं. म्हणून ऑपरेशन सांगितलं तर विचारा: आजार नेमका कोणता? सोनोग्राफीत काय आलं? गोळ्यांनी भागेल का? बीजकोष ठेवणार का? आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.

ठिसूळ मणका पडल्यावरच मोडतो असं नाही. नुसतं पोतं उचलताना, जोरात खोकताना तो पुढून चेपतो. असे दोन-तीन चेपले की पोक येतं, उंची घटते, बरगड्या पोटाकडे येतात, जेवण कमी जातं. तरुणपणापेक्षा उंची दीड इंच कमी झाली असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत भरतो, म्हणून मुलींच्या ताटाकडे आधी बघा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि मोठ्या बाईला दिवसाला हजार लागतं. तीळ, शेवग्याचा पाला, दूध-ताक, काट्यासकट खायची सुकी मासळी हे सगळं त्यात भर घालतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात. लोहाच्या गोळीबरोबर त्या घेऊ नका, एकमेकींना अडवतात. मध्ये दोन तास जाऊ द्या.

बहुतेक कंबरदुखी सहा आठवड्यांत बरी होते. पण काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. रात्री झोपेतही दुखतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन घटतंय, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि वेळेत सुरू केली तर तो बरा होतो. पाय लुळा पडत चाललाय, पडल्यानंतर एकाच मणक्यावर दाबलं की कळ येते, तर त्याच दिवशी दाखवा. आणि लघवी अडली किंवा कळत नाही, संडासवर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर खालच्या नसांचा तो झुबकाच दाबला गेलाय. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून रात्रीच जिल्हा रुग्णालय गाठायचं.