लेकराला भेटीला नेताना कागद आधी जुळवा



आज आपण अशा विषयावर बोलणार आहोत, जो गटाच्या बैठकीत कोणी मोठ्यानं काढत नाही. आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा तुरुंगात आहे. रोवणी आटोपल्यावर ती सात वर्षांच्या पोराला घेऊन बापाच्या भेटीला निघाली. पहाटे कोहमाऱ्याच्या फाट्यावरून एसटी धरली, दिवसाची मजुरी बुडवली आणि दारावरूनच दोघं परत आली. तिचं आधार कार्ड होतं, पण पोराचा एकही कागद सोबत नव्हता. परतीच्या गाडीत पोरानं विचारलं, "बाबांनी नाही म्हटलं का?"

हे ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. असं दुसऱ्या लेकराच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे बोलणं.

निघण्याआधी माणूस कोणत्या तुरुंगात आहे ते वकिलाकडून पक्कं करा. खटला चालू असलेले आपल्याकडचे बरेच कैदी भंडारा जिल्हा कारागृहात असतात. शिक्षा लागली की नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं जाऊ शकतं. भेटीचे वार आणि वेळही तेव्हाच विचारून घ्या.

आता कागदांचं. दारावर तीन प्रश्न असतात, हे लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न, हे मूल कोण? त्यासाठी मुलाचं आधार. पाच वर्षांच्या आतल्या बाळाचं बाल आधार निघतं, ते निळ्या रंगाचं असतं. पाच वर्षं झाली की बोटांचे ठसे द्यावे लागतात. सात वर्षं पूर्ण होण्याआधी दिले तर पैसे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न, आतल्या माणसाचं हे मूल कोण लागतं? त्यासाठी जन्माचा दाखला, कारण त्यावर आई आणि बाप दोघांचीही नावं असतात. मूल जिथं जन्मलं तिथली नोंद असते. गावात जन्मलं तर ग्रामपंचायतीत विचारा, दवाखान्यात जन्मलं तर त्या ठिकाणी. सोबत शाळेचं बोनाफाईड आणि मुलाचं नाव असलेलं रेशन कार्ड ठेवा. बोनाफाईड मागताना "ओळखीसाठी पाहिजे" एवढं सांगितलं तरी पुरतं. घरची गोष्ट शाळेत सांगायची सक्ती नाही.

तिसरा प्रश्न, मुलाला आणणारी बाई कोण? आई असेल तर तिचं आधार. आजी किंवा मावशी नेणार असेल तर आईचं सहीचं संमतीपत्र आणि तिच्या आधारची झेरॉक्स सोबत द्या.

सगळ्यात जास्त अडचण नावांची होते. दाखल्यावर रामचंद्र, आधारवर रामा, असं असलं की अडतं. तुरुंगात त्याचं नाव पोलीस आणि कोर्टाच्या कागदावर असेल तेच चालतं. म्हणून कोर्टाच्या एखाद्या कागदाची झेरॉक्स घेऊन मुलाच्या दाखल्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या कायद्यानं बाई, मूल आणि कोठडीतला माणूस या तिघांनाही मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

आतल्या माणसालाही पत्रानं किंवा वकिलाकडून कळवा, की भेटीला येणाऱ्यांच्या नावांत लेकराचंही नाव दे. भेटीची नोंदणी 'ई-मुलाकात' या सरकारी सोयीवर मोबाईलवरूनही करता येते. त्यासाठी तुमचं ओळखपत्र आणि चालू मोबाईल नंबर लागतो. जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला जवळ बसवा. लांबचा प्रवास झेपत नसेल तर तिथूनच व्हिडिओवरची भेटही मागता येते.

सगळे कागद मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स, एका पिशवीत. मोबाईल आत नेता येत नाही. पाणी आणि घरचा डबा सोबत असू द्या, कारण थांबावं लागतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे.

एक काम कागदाचं नाही, पण तेही आधीच करायचं. लेकराला खरं सांगा. "बाबा कामाला गेले" असं सांगून नेलं आणि समोर जाळी दिसली, तर ते घाबरतं. "बाबांना घरी यायची परवानगी नाही, पण आपण त्यांना पाहून येऊ. मध्ये जाळी किंवा काच असेल, हात लावता येईलच असं नाही," एवढं साध्या शब्दांत सांगा. नागपूरच्या कारागृहात 'गळाभेट' हा कार्यक्रम झाला आहे. त्यात शिक्षा भोगणाऱ्यांना आपल्या मुलांना जवळ घेता आलं. तो पुन्हा कधी आहे, हे भेटीच्या वेळी नक्की विचारा.

आमची ती ताई पुढच्या वेळी पिशवी भरूनच गेली, आणि भेट झाली. तुमच्या गटातही अशी एखादी बाई असेल. ती स्वतःहून बोलणार नाही. बैठक संपल्यावर तिच्याजवळ बसा आणि म्हणा, "चल, लेकराचे कागद पाहू."