तेच हे इंजिन : ओळख, मोल आणि विक्री

मागच्या वेळी आपण नागसेनाच्या रथाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. मग हे सगळं बाजूला काढल्यावर उरतं ते रथ का? तेही नाही. मिलिंद राजा पेचात पडला आणि आपणही पडलो. तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, या चर्चेचा व्यवहारात काय उपयोग?" आज त्याचं उत्तर देऊ. उदाहरण पुस्तकातलं नाही, एका गॅरेजमधलं आहे. जुन्या स्पोर्ट्स कारचं सुटं इंजिन विकायला काढलं, तर ते कशाचं आहे हे ठरवायचं कसं, आणि त्याचं मोल करायचं कसं?

आमचे एक मावसभाऊ १९६०च्या दशकात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेले, तिथल्या मशीन टूलच्या कारखान्यात लागले आणि तिथलेच झाले. कॉव्हेंट्री हे जॅग्वार मोटारीचं गाव. भावाला या गाड्यांचा भारी सोस. गाडी घेणं जमलं नाही, पण कुणाकडून तरी एक इंजिन आणून त्यांनी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं होतं. भाऊ गेले. वहिनींना घर विकून मुलीकडे राहायला जायचं होतं. सुटे भाग विकणारा एक जण आला, टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "हे मोठ्या सलून गाडीचं आहे, फारसं कुणी विचारत नाही. उचलून नेण्याचा खर्च वजा करून थोडे पैसे देतो." त्या उन्हाळ्यात आम्ही तिथेच होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एवढे शिकलेले, जरा बघा ना." आता आमचं शिक्षण तत्त्वज्ञानाचं! पण बघितलं.

आणि पहिलीच चूक केली. इंजिन मळलेलं दिसलं म्हणून रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन हेड घासायला बसलो. शेजारचे एक म्हातारे मेकॅनिक धावत आले. "थांबा, रंग जातोय!" हेडवर सोनेरी रंगाचे अवशेष होते. जॅग्वारच्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या हेडला असा सोनेरी रंग असे. तो एकटा काही सिद्ध करत नाही, पण साक्षीदार तर होता. निम्मा आम्ही पुसून टाकला. म्हणून पहिला नियम असा : ओळख पटेपर्यंत काही घासायचं नाही, रंगवायचं नाही. आहे त्या अवस्थेत चारही बाजूंनी फोटो काढायचे. धूळ मऊ फडक्यानं पुसायची, बस्स.

आधी जात, मग व्यक्ती

न्यायशास्त्रात 'तोच हा देवदत्त' या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. पण तिथे पोचण्याआधी समोर माणूस आहे, खांब नाही, एवढं तरी कळायला हवं. तसंच इथे. आधी हे कोणत्या जातीचं इंजिन, मग त्या जातीतलं नेमकं कोणतं.

जॅग्वारचं एक्सके इंजिन १९४८ साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात एक्सके १२० या गाडीतून लोकांसमोर आलं. सहा सिलिंडर एका ओळीत, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, वर दोन कॅमशाफ्ट. हेच इंजिन पुढे कित्येक दशकं स्पोर्ट्स कारमध्येही बसलं आणि ऐसपैस सलूनमध्येही. खरी अडचण हीच आहे. बाहेरून सगळी भावंडं सारखी दिसतात.

मग मापं घ्यायची. ३.४ लिटर, ३.८ लिटर आणि ४.२ लिटर या तिन्ही इंजिनांत पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, १०६ मिलिमीटरच आहे. म्हणजे नुसता स्ट्रोक मोजून या तिघांत निवाडा होत नाही. फरक बोअरमध्ये, सिलिंडरच्या व्यासात आहे : ३.४ला ८३ मिलिमीटर, ३.८ला ८७, आणि ४.२ला ९२.०७. आमच्या इंजिनाचं हेड मेकॅनिकनं काढलं आणि मोजलं, तर ८७ला थोडं वर. थोडं वर का? झिजलेलं सिलिंडर पुन्हा बोअर करून किंचित मोठा पिस्टन बसवतात म्हणून. जात ठरली : ३.८ लिटर. हे झालं प्रत्यक्ष प्रमाण.

नंबर वाचणं

आता व्यक्ती. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तीच युक्ती इथे चालते. धातूला धक्का लागत नाही आणि डोळ्यांना न दिसणारा आकडाही कागदावर उमटतो.

एक्सके इंजिनावर नंबर दोन ठिकाणी ठोकलेला असतो : एक हेडच्या पुढच्या टोकाला आणि दुसरा ब्लॉकवर, उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर. नंबराआधीची अक्षरं गाडीचं कूळ सांगतात. एक्सके १४०ला जी, ३.८ ई-टाइपला आर आणि नंतर आरए, ४.२ ई-टाइपच्या पहिल्या मालिकेला सेव्हन ई. नंबराच्या शेवटी ७, ८ किंवा ९ असा आकडा असतो, तो कॉम्प्रेशन रेशो.

आमच्या हेडवर अक्षरं होती झेडए आणि शेवटी ८. झेडए म्हणजे मार्क टेन, १९६१ साली आलेली भलीमोठी सलून. म्हणजे तो सुटे भाग विकणारा खोटं बोलला नव्हता! त्यानं हेडवरचा नंबर वाचला आणि तिथेच थांबला. ब्लॉकवरचा नंबर तेलकट मळाच्या थराखाली होता. मळ मऊ करून हळूहळू काढला, पेन्सिल फिरवली, तर कागदावर उमटलं आर, पुढे चार आकडे, आणि शेवटी ९. वहिनी चष्मा सारखा करत म्हणाल्या, "म्हणजे चांगलं की वाईट?"

म्हणजे असं की ब्लॉक ई-टाइपचा, हेड मार्क टेनचं. एका देवदत्ताच्या धडावर दुसऱ्याचं शिर. (हशा) हे बसतं कसं? मार्क टेनला तीन कार्बोरेटरची तीच मांडणी आणि तशाच घडणीचं हेड होतं म्हणून. शिवाय या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो पिस्टनच्या माथ्यावरून ठरतो, त्यामुळे हेडवर ८ असलं तरी ब्लॉकमधले पिस्टन ९चे असू शकतात.

इथे आणखी एक खबरदारी. ब्लॉकवरचा नंबर तरी खरा कशावरून? आकडा लबाड हातानंही ठोकता येतो. म्हणून नंबराखालची जागा भिंगातून पाहायची. कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक रेषा आजूबाजूला जशा आहेत तशाच तिथेही हव्यात. नेमकी तेवढीच जागा गुळगुळीत असेल, खोलगट असेल, अक्षरांची उंची वेगळी असेल, तर समजा की इथे कुणीतरी हात फिरवला आहे. आमच्या ब्लॉकवर तसं काही नव्हतं. हे झालं अनुमान. तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे आप्तवचन. जॅग्वारच्या वारसा जपणाऱ्या ट्रस्टकडे जुन्या उत्पादन-नोंदी आहेत. कोणत्या चेसिसमध्ये कोणत्या नंबरचं इंजिन बसवून गाडी बाहेर पडली, हे त्यांत लिहिलेलं असतं, आणि गाडीच्या मालकाला तसं प्रमाणपत्र मिळतं. तिन्ही प्रमाणं एकाच दिशेनं बोट दाखवू लागली की मगच 'तेच हे' म्हणायचं.

मोल कशाचं?

आता किंमत. लोक विचारतात, "अशा इंजिनाचा भाव काय?" असा एक भाव नसतोच. पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं कागदावर लिहायची.

पहिला, फिरतं का? जाम असेल तर पान्हा घालून जोर लावायचा नाही. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल घालायचं आणि काही दिवस वाट पाहायची. एक्सकेमध्ये आणखी एक धोका आहे. टायमिंग चेन सुटलेली असताना कॅमशाफ्ट सुटे फिरवले, तर व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकतात. इंजिन तपासायला म्हणून गेलो आणि मोडून आलो, असं होतं.

दुसरा, आतून कसं आहे? तळाचं तेल काढून बघायचं. पांढरट लोण्यासारखा थर म्हणजे पाणी शिरलंय, चकाकणारा चुरा म्हणजे बेअरिंगं झिजलीत. क्रँकशाफ्ट पूर्वी घासून घेतलेला असतो, साधारण दहा-दहा थाऊच्या टप्प्यानं. मूळ मापाचा असेल तर त्यात अजून आयुष्य आहे, तीन वेळा घासलेला असेल तर फारसं नाही. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणून कूलंटची हयगय झाली असेल तर हेडच्या पाणवाटा कुरतडल्या जातात. आणि ४.२चा ब्लॉक असेल तर दोन सिलिंडरांमधली तडा जाण्याची जागा अवश्य पाहायची. नोंद करताना एक लक्षात ठेवा : जॅग्वार या इंजिनात सिलिंडर मागून मोजते, फ्लायव्हीलच्या बाजूनं. 'एक नंबरला गंज आहे' असं तुम्ही पुढून मोजून लिहिलंत, तर घेणारा सहाव्यात शोधत बसेल.

तिसरा, पूर्ण आहे का? कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, स्टार्टर हे सगळे भाग वेगवेगळे घ्यायला गेलं की खिसा रिकामा होतो. ई-टाइपचे तिन्ही कार्बोरेटर जाग्यावर असणं ही मोठी जमेची बाजू. चौथा, कागद आहेत का? जुनी पावती, पत्र, दुरुस्तीचं बिल. पाचवा, अशीच इंजिनं प्रत्यक्षात विकली कितीला गेली? मागितलेली किंमत ही इच्छा असते. मिळालेली किंमत ही वस्तुस्थिती.

या पाचांच्या वर एक सहावी गोष्ट आहे, ती मात्र इंजिनात नसते. त्या आर नंबरची गाडी जगात कुठेतरी असेल, दुसऱ्याच इंजिनावर धावत असेल. तिच्या मालकाला हा ब्लॉक मिळाला तर त्याची गाडी पुन्हा मूळ जोडीची होईल. त्या एका माणसासाठी याचं मोल इतर सगळ्यांपेक्षा जास्त. लोखंड तेच, वजन तेच. मोल आहे ते नात्यात. म्हणून घाईनं विकू नये, मालकांच्या मंडळाकडे नंबर कळवावा आणि थोडं थांबावं.

वहिनींचा प्रश्न

आम्ही थांबलो. त्या गाडीचा मालक काही सापडला नाही. पण दुसरा एक गिऱ्हाईक आला. माणूस गोड, जाणकार. म्हणाला, "ब्लॉक उत्तम आहे. हेडवरचा नंबर तेवढा घासून ब्लॉकचा नंबर ठोकू या. आमचा माणूस असं करतो की कुणाला कळणार नाही. मग मी बरेच जास्त देईन." तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, यात खोटं काय आहे? हेड तर तसंच आहे म्हणालात ना? लोखंड-ॲल्युमिनियम काही बदलत नाही. नुसता आकडा."

मंडळी, चाळीस वर्षं शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न विद्यार्थ्यांनी क्वचितच विचारला असेल. आम्ही त्या रात्री त्यांना एक खटला सांगितला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात बदल होत गेले. मूळ साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागी आठ लिटरचं आलं. पुढे ती विकायचा करार झाला, तेव्हा घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. १९९० साली लंडनच्या न्यायालयात न्यायाधीशांसमोर अक्षरशः नागसेनाचा रथ उभा राहिला. ल मांमधले मूळ भाग गाडीत फारच थोडे उरले होते. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं लागला. कारण बदल होत गेले, पण गाडीचा इतिहास अखंड होता. कुठेही तुटून नवी गाडी सुरू झाली नव्हती.

"म्हणजे भाग बदलले तरी चालतं," वहिनी म्हणाल्या.

चालतं. भाग बदलणं हा इतिहास आहे. नंबर बदलणं म्हणजे इतिहासाबद्दल खोटी साक्ष देणं. हेडवरचा झेडए सांगतो, 'माझा जन्म मार्क टेनमध्ये झाला, नंतर मी इथे आलो.' हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो पुसून आर ठोकला की तेच हेड सांगू लागतं, 'मी जन्मापासून इथलाच.' धातू बदलला नाही, पण धातूच्या तोंडी असत्य घातलं. आणि घेणारा जास्तीचे पैसे देतो ते नेमके त्या वाक्याचे. इंग्लंडच्या १९७९च्या मालविक्री कायद्यात हेच कलम आहे : वर्णन करून माल विकलात तर माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. खासगी विक्रीलाही ते लागू आहे.

वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनी ते इंजिन इतकी वर्षं नुसतं पुसून ठेवलं. त्याच्यावर खोटं कशाला लिहायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून वर्णन लिहिलं. ब्लॉक ३.८ ई-टाइपचा, नंबर अमुक, ठशाचा फोटो सोबत. हेड मार्क टेनचं, नंबर तमुक. बोअर एवढं, क्रँक एवढा, कार्बोरेटर तीन, डायनॅमो नाही. सोनेरी रंग काही ठिकाणी गेलेला आहे. तो कुणी घालवला, एवढं मात्र लिहिलं नाही. (हशा) महिन्याभरात एका गृहस्थानं ते घेतलं. त्या गोड माणसानं सांगितलेल्या रकमेपेक्षा कमी, पण पहिल्यानं देऊ केलेल्या पैशांच्या कितीतरी पट. पावतीवर दोन्ही नंबर लिहिले, दोघांनी सह्या केल्या.

तर, व्यवहारात उपयोग काय, असं विचारणाऱ्या आमच्या श्रोत्याला आजचं उत्तर एवढंच. विकण्याआधी दोन्ही नंबर वाचा, मोजता येईल ते मोजा, आणि जे दिसलं ते तसंच लिहा. पुढच्या वेळी याच धाग्यावरून नाम-रूपाकडे जाऊ. प्रश्न असतील तर आता विचारा. गाडीविषयीचे मात्र त्या मेकॅनिकलाच विचारावे लागतील.