शिशाचा थेंब गोल कसा होतो?

गळक्या नळातून सुटलेला थेंब पडता पडता गोल होतो. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा आतल्या द्रवाला आवळत असतो आणि सर्वांत कमी पृष्ठभाग लागतो तो गोलालाच. बारा बोअरच्या काडतुसातले शिशाचे छर्रे याच नियमाने घडत आले आहेत.

पूर्वी छर्रे साच्यात ओतत. काम वेळखाऊ होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या नळकारागिराने १७८२ मध्ये वेगळ्या युक्तीचे पेटंट घेतले. वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून सोडायचे. थेंब हवेतच गोल होऊन थिजू लागतात, मग खालच्या पाण्यात पडतात. पाणी त्यांना गार करतेच, शिवाय आदळून चपटे होऊ देत नाही. एवढी उंची मिळावी म्हणून वॉट्सने राहत्या घरावरच मनोरा चढवला! शिशात किंचित आर्सेनिक मिसळले की थेंब अधिक सुबक गोल होतात, हेही कारागिरांना ठाऊक होते.

शिसे मात्र विषारी. पाणथळीत पडलेले छर्रे खडे समजून गिळणारी बदके विषबाधेने मरत. म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना देशभर बंदी आहे.