भरलेल्या मॅगझीनचा दीर्घकालीन साठा आणि स्प्रिंगची झीज : एक पदार्थवैज्ञानिक विवेचन

प्रस्तावना

धरणगावचा शस्त्रांशी आलेला संबंध जुना आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि तिचे मुख्य ठाणे धरणगाव येथे होते. त्या काळातील बंदुका नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरल्या जात. बंदूक भरून ठेवली की दारू ओल धरते, या अनुभवामुळे 'शस्त्र भरून ठेवावे की रिकामे' हा प्रश्न तेव्हाही होता. मात्र त्याचे कारण दारू हे होते, धातू नव्हे. पुढे काडतूस आले, काडतुसे एकामागून एक वर ढकलणारे मॅगझीन आले आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. मॅगझीन महिनोन्‌महिने भरून ठेवल्यास आतील स्प्रिंग दबून 'बसते' काय, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. पोलीस ठाणी, कारागृहे, बँकांचे पहारे, धुळ्यातील राज्य राखीव पोलीस बलाचा गट अशा सर्व ठिकाणी शस्त्रागारातील मॅगझीन ऐनवेळी चालणे अत्यावश्यक असते. स्प्रिंग दुबळी झाली तर काडतूस वेळेत वर येत नाही आणि रायफल अडते. या भीतीपोटी मॅगझीन ठरावीक काळाने रिकामी करून 'विश्रांती' देण्याची रीत अनेक देशांतील सैनिकांत आढळते. ही रीत पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मॅगझीनची रचना

मॅगझीनचे मुख्य भाग चार : बाहेरील पेटी, तळाची पट्टी, स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या माथ्यावरील फॉलोअर. पेटीच्या वरच्या कडा आत वळवलेल्या असतात. त्यांना 'लिप्स' म्हणजे ओठ म्हणतात. वरचे काडतूस या ओठांखाली अडकून राहते. बोल्ट पुढे जाताना ते काडतूस ढकलून नेतो आणि स्प्रिंग पुढचे काडतूस त्याच्या जागी आणते.

भारतात वापरल्या गेलेल्या रायफलींत या रचनेची विविधता दिसते. 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ली-एनफील्ड रायफलीच्या मॅगझीनमध्ये दहा काडतुसे मावतात आणि तिची स्प्रिंग तारेची नसून दुमडलेल्या चपट्या पट्टीची असते. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी अनेक पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआर रायफलीचे मॅगझीन वीस काडतुसांचे आणि पोलादी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेवेत आलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलीचे मॅगझीनही वीस काडतुसांचे, परंतु अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये स्थापन झालेला आयुध कारखाना या दोन्ही प्रकारांची काडतुसे तयार करीत आला आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत आहे.

स्थितिस्थापक मर्यादा

रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडलेला नियम पदवीच्या प्रथम वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो : स्थितिस्थापक मर्यादेच्या आत विकृती ही प्रतिबलाच्या समप्रमाणात असते. या नियमातील 'मर्यादेच्या आत' हे शब्द येथे निर्णायक आहेत. मर्यादेच्या आत अणू आपापल्या जागेवरून किंचित सरकतात आणि बल काढताच परततात. मर्यादा ओलांडली की स्फटिकातील थर एकमेकांवरून घसरतात आणि विकृती कायमची होते. कारागीर ज्याला 'स्प्रिंग बसली' असे म्हणतात, ती हीच अवस्था.

स्प्रिंगसाठी वापरली जाणारी उच्च-कार्बन पोलादाची तार साध्या पोलादाहून फार वेगळी असते. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या अशा तारेचे तन्य सामर्थ्य २००० मेगापास्कलच्या आसपास असते. बांधकामातील साध्या मृदू पोलादाच्या ते सुमारे पाचपट आहे. शिवाय चांगला निर्माता स्प्रिंग मॅगझीनमध्ये घालण्यापूर्वीच ती पूर्ण दाबून घेतो. जेवढी बसायची तेवढी ती तेथेच बसते आणि नंतरच्या वापरात तिची लांबी जवळजवळ स्थिर राहते. पहिल्या काही वेळा भरल्यावर नव्या स्प्रिंगची लांबी थोडी कमी झालेली दिसते, तीही याच कारणाने. तो दोष नव्हे.

काळाचा परिणाम

आक्षेप असा घेतला जाईल की, मर्यादेच्या आतले प्रतिबलही वर्षानुवर्षे टिकून राहिले तर धातू हळूहळू सैल पडणार नाही काय? हा आक्षेप निराधार नाही. स्थिर प्रतिबलाखाली पदार्थ मंदपणे विरूप होतो. या क्रियेला 'क्रीप' म्हणतात. एडवर्ड अँड्रेड याने १९१० मध्ये शिशाच्या तारांवर प्रयोग करून तिचे नियम मांडले होते. तथापि ही क्रिया पदार्थाच्या वितळणबिंदूशी निगडित आहे. केल्विनमध्ये मोजलेले तापमान वितळणबिंदूच्या साधारण तीन ते चार दशांशांच्या पुढे गेल्यावरच धातूंमध्ये ती लक्षणीय होते.

शिसे ६०० केल्विनला वितळते. म्हणून खोलीचे तापमान, म्हणजे ३०० केल्विन, हे त्याच्या दृष्टीने अर्ध्या वाटेवरचे आहे. पोलादाचा वितळणबिंदू सुमारे १७७० केल्विन. खानदेशच्या उन्हाळ्यातील ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ३१८ केल्विन. हे प्रमाण ०.१८ इतकेच भरते. मे महिन्यातील पत्र्याची खोलीदेखील पोलादी स्प्रिंगच्या दृष्टीने थंडच असते.

लांबी कायम ठेवून दाबलेल्या स्प्रिंगचे बल काळानुसार जे थोडे घटते, त्याला प्रतिबल-शिथिलन म्हणतात. ही घट काळाच्या लॉगॅरिदमनुसार होते, असे ढोबळमानाने मानता येते. याचा अर्थ असा की, पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत जेवढी घट होईल, तेवढीच पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत होईल. पहिल्या दिवसात अडचण आली नाही, तर पुढील अनेक वर्षांत केवळ भरून ठेवल्यामुळे ती येण्याचा संभव अल्प असतो.

शेतातील ट्रॅक्टर हे याचे परिचित उदाहरण आहे. हंगाम संपल्यावर तो महिनोन्‌महिने उभा असतो. इंजिन ज्या स्थितीत थांबले त्या स्थितीत एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि त्याची स्प्रिंग तेवढा काळ दाबलेली असते. तरीही ती बसल्यामुळे पुढच्या हंगामात इंजिन नादुरुस्त झाले, असे सहसा घडत नाही.

खरी झीज कोठे होते?

स्प्रिंग दुबळी होत नाही, असा वरील विवेचनाचा अर्थ नाही. ती दुबळी होते. पण मुख्यतः पुनःपुन्हा दाबल्या-सोडल्याने. ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर केलेल्या प्रयोगांतून धातुश्रांतीचा अभ्यास सुरू झाला. एकदा लावलेले प्रतिबल जो भाग सहज सहन करतो, तोच भाग हजारो आवर्तनांनंतर तडकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

समजा, एका पहाऱ्यावर दिवसातून तीन पाळ्या आहेत आणि प्रत्येक बदलीच्या वेळी मॅगझीन रिकामे करून पुन्हा भरले जाते. वर्षाला १०९५ आणि दहा वर्षांत १०,९५० आवर्तने झाली. याउलट भरून कपाटात ठेवलेल्या मॅगझीनचे आवर्तन एकच. स्प्रिंगला 'विश्रांती' देण्यासाठी ती वारंवार रिकामी करणे म्हणजे जी झीज टाळायची तीच ओढवून घेणे होय. पाळी बदलताना मोजणी आवश्यक असते, हे खरे. ती सुरक्षिततेची गरज आहे आणि ती सोडता येणार नाही. परंतु तिचा हेतू हिशेब हा आहे, स्प्रिंगचे आरोग्य नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या नियमाला दोन अपवाद आहेत. पहिला अपवाद जास्तीत जास्त काडतुसे बसावीत म्हणून स्प्रिंगसाठी कमी जागा सोडलेल्या मॅगझीनचा. अशी स्प्रिंग पूर्ण भरल्यावर स्थितिस्थापक मर्यादेच्या काठावर असते. दुसऱ्या महायुद्धात स्टेन गनच्या ३२ काडतुसांच्या मॅगझीनमध्ये २८ किंवा ३० च भरण्याची रीत पडली, ती या दृष्टीने समंजस होती. दुसरा अपवाद प्लॅस्टिकचा. नायलॉनसारख्या बहुवारिकांचे काचसंक्रमण तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ओलावा शोषल्यावर ते आणखी खाली येते. त्यामुळे जी उष्णता पोलादाला जाणवत नाही, ती प्लॅस्टिकच्या ओठांना जाणवू शकते. वरच्या काडतुसाच्या सततच्या दाबाने ओठ फाकले तर काडतूस चुकीच्या कोनात येते. म्हणूनच काही प्लॅस्टिक मॅगझीनना साठवणुकीच्या वेळी ओठांवरील भार उचलणारे झाकण दिलेले असते. थंडीचा परिणाम याच्या उलट होतो. प्लॅस्टिक ठिसूळ बनते. १९९९ च्या कारगिल संघर्षात इन्सासच्या मॅगझीनना अतिथंडीत तडे गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या.

या दोहोंखेरीज गंज हा मोठा शत्रू आहे. गंजाने तारेवर पडलेला सूक्ष्म खड्डा प्रतिबल एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. पावसाळ्यातील दमट शस्त्रागार स्प्रिंगचे जेवढे नुकसान करते, तेवढे भरलेले मॅगझीन करीत नाही. धूळ, तसेच पडल्याने वाकलेले ओठ आणि पोचलेली पेटी हीही रायफल अडण्याची नेहमीची कारणे होत.

व्यवहारातील उपयोग

प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक घालून कोणते अडले याची नोंद ठेवावी. सुटी केलेल्या स्प्रिंगची लांबी त्याच प्रकारच्या नव्या स्प्रिंगशी ताडून पाहावी. शेवटचे काडतूस रेंगाळत वर येत असेल तर स्प्रिंग बदलावी. रायफलीचा हा अत्यंत स्वस्त भाग आहे. मॅगझीन कोरड्या जागी ठेवावे. चामड्याच्या पिशवीत दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे कमावताना वापरलेल्या रसायनांमुळे पितळी काडतुसांवर हिरवट कळंक चढतो. स्प्रिंगला तेलाचा केवळ हात लावावा. जादा तेल काडतुसाच्या टोपीत झिरपून ते निकामी करू शकते. आणि भरलेले मॅगझीन रायफलीला लावून नव्हे, तर वेगळे व कुलपात ठेवावे. हा शेवटचा नियम स्प्रिंगसाठी नसून माणसांसाठी आहे.

समारोप

उत्तम पोलादाची, योग्य मोजमापाची स्प्रिंग असलेले मॅगझीन दीर्घकाळ भरून ठेवल्याने व्यवहारात दखल घेण्याजोगी झीज होत नाही. झीज होते ती आवर्तनांनी, गंजाने आणि आघाताने. प्लॅस्टिकच्या ओठांबाबत व ठासून भरलेल्या मॅगझीनबाबत मात्र सावधगिरी योग्य ठरते. दाबलेली वस्तू थकत असणार, ही समजूत माणसाच्या शरीरावरून धातूवर आरोपित केलेली आहे. माणूस ओझे घेऊन स्थिर उभा राहिला तरी थकतो, कारण त्याचे स्नायू सतत ऊर्जा खर्च करीत असतात. स्प्रिंग स्थिर असताना काहीच खर्च करीत नाही. स्थितिस्थापकता शिकवताना हा भेद विद्यार्थ्यांसमोर ठेवला, तर हूकचा नियम केवळ सूत्र म्हणून नव्हे, तर एक रूढ समज तपासण्याचे साधन म्हणून त्यांच्या हाती येईल.