अनुमानाचे प्रामाण्य आणि अनवस्था

‘क’ असेल तर ‘ख’ असतो, ‘क’ आहे, म्हणून ‘ख’ आहे. हे अनुमान युक्त कशावरून? लुइस कॅरल याच्या १८९५ सालच्या संवादातील कासव दोन्ही आधारविधाने मान्य करते, परंतु निष्कर्षाचे बंधन मानीत नाही. अकिलीस तो नियमच तिसरे आधारविधान म्हणून वहीत लिहितो. कासव तेही मान्य करते आणि चौथ्याची गरज दाखविते. वही भरते, निष्कर्ष दूरच राहतो. चूक अकिलीसची आहे: नियम विधानांच्या रांगेत बसवावयाचा नसून त्यांना लावावयाचा असतो.

एवढ्याने नियमाचे समर्थन मात्र होत नाही. सत्यतासारणी पुढे करावी, तर तिच्यावरून निष्कर्ष काढताना तोच नियम वापरावा लागतो. नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणांविषयी असाच पेच घातला होता: प्रमाणे अन्य प्रमाणांनी सिद्ध होत असतील तर अनवस्था, त्यांवाचून होत असतील तर प्रमेयांहून त्यांचा हा भेद का? स्वतःसह इतरांना प्रकाशित करणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त मोहक खराच. परंतु सुझन हाक यांनी १९७६ मध्ये दाखविले, की ‘ख’वरून ‘क’ काढणारा सदोष नियमही स्वतःचा आधार घेऊन अशाच चक्राकार रीतीने समर्थित करता येतो. तेव्हा त्यालाही हा दृष्टान्त नाकारण्यास वेगळे कारण हवे.