तारीख लिहिली, पण कोणत्या खात्यात? आउटलुकचं डिफॉल्ट कॅलेंडर असं बदला

समजा, अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही लॅपटॉपवर आउटलुकमध्ये टाकली. सोबत मुलांच्या फीची तारीख आणि विम्याचा हप्ताही. पुढे नोकरी बदलली, कंपनीने जुनं खातं बंद केलं आणि घरच्या या नोंदीही त्याच्यासोबत गेल्या.

असं का होतं? आउटलुकमध्ये ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती असली, तरी 'डिफॉल्ट' खातं एकच असतं. मेलच्या पानावरून नवी अपॉइंटमेंट किंवा टास्क टाकला की तो थेट त्याच खात्यात जातो. बऱ्याचदा ते ऑफिसचं असतं.

इथे बरेच जण फसतात. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'ईमेल' टॅबवर डिफॉल्ट बदललं, तर फक्त मेल कोणत्या पत्त्यावरून जाईल तेवढंच बदलतं. कॅलेंडर आणि टास्कसाठी 'डेटा फाइल्स' हा टॅब वेगळा आहे.

जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये असं करा:

१. 'फाइल' मेनूत 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. त्यात पुन्हा 'अकाउंट सेटिंग्ज' निवडा.
२. 'डेटा फाइल्स' टॅबवर जा.
३. घरच्या खात्याच्या ओळीवर क्लिक करून 'सेट अॅज डिफॉल्ट' दाबा.
४. आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

लक्षात ठेवा, जुन्या नोंदी आपोआप सरकत नाहीत. कॅलेंडर 'लिस्ट' स्वरूपात उघडा, घरच्या नोंदी निवडा, कॉपी करून नव्या कॅलेंडरमध्ये पेस्ट करा. हे काम नोकरी सोडण्याआधीच उरका.

आणखी एक गोष्ट. घरचं खातं जीमेलचं असेल आणि आयमॅप पद्धतीने जोडलेलं असेल, तर आउटलुकमधलं त्याचं कॅलेंडर फक्त त्या कॉम्प्युटरवरच राहतं. त्याच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं दिसतं. ते फोनवर येत नाही. लॅपटॉप कंपनीला परत गेला की तेही गेलं! अशा वेळी घरच्या तारखा सरळ फोनच्या गुगल कॅलेंडरमध्ये टाकलेल्या बऱ्या.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅलेंडरखाली 'डिफॉल्ट कॅलेंडर' आहे. तिथे घरचं खातं निवडा.

शेवटी उद्याची एक नोंद टाकून ती कुठे जाते ते बघा. दोन मिनिटांचं काम, पण डॉक्टरांची तारीख चुकणार नाही.